प्रोग्रामला पत्ता लागू न देता

आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर सीआयसीएस नावाचा एक ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे अनेकांच्या मागण्या घेऊन त्यांचे प्रोग्राम चालवणारी व्यवस्था, चालतो. काही देशांत त्याचा उच्चार ‘किक्स’ असा होतो, तर काही ठिकाणी चारही अक्षरे सुटी उच्चारली जातात. ८ जुलै १९६९ रोजी तो उत्पादन म्हणून बाजारात आला, तेव्हा ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ हा शब्दप्रयोगही रूढ झालेला नव्हता. वीजपुरवठ्यासारख्या सार्वजनिक सेवा देणाऱ्या कंपन्यांची गरज त्याच्या जन्मामागे होती. ग्राहकाने खात्याची चौकशी केली, तर समोरच्या कर्मचाऱ्याला टर्मिनलवर लगेच उत्तर मिळावे, एवढीच ती गरज होती. आज तीच चौकशी मोबाइलमधील ॲप करते, आणि ती कर्मचाऱ्याच्या टर्मिनलवरून न येता इंटरनेटच्या वाटेने, एचटीटीपी या वेबवरच्या देवाणघेवाणीच्या भाषेत येते. प्रश्न जुना आहे, उत्तर देणारा कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतील प्रोग्रामही बहुतेक वेळा जुनाच आहे. बदलले आहे ते विचारणाऱ्याचे रूप.

अशा वेळी प्रोग्राम नव्याने लिहून काढावा, असे बाहेरच्या माणसाला वाटणे साहजिक आहे. परंतु वर्षानुवर्षे चालत आलेल्या आणि ज्याच्या प्रत्येक ओळीमागे कुठला तरी विसरला गेलेला नियम दडलेला आहे, अशा प्रोग्रामला हात लावणे हेच सर्वांत जोखमीचे काम असते. म्हणून सीआयसीएसवर वेब सेवा, म्हणजे दुसऱ्या संगणकाला वेबवरून प्रश्न विचारता येण्याची सोय, उभी करताना उलटा मार्ग धरला जातो. प्रोग्राम आहे तसाच ठेवायचा आणि विचारणारा बदलल्याचा पत्ताच त्याला लागू द्यायचा नाही. सर्व्हरमध्ये कराव्या लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मांडणीचा हेतू हे अज्ञान टिकवण्याचा आहे, असे मी म्हणेन.

हे साधण्यासाठी एक अट मात्र प्रोग्रामनेही पाळलेली असावी लागते. त्याने स्वतः पडद्यावर काही दाखवता कामा नये. १९७१ मध्ये आलेल्या ३२७० जातीच्या टर्मिनलच्या एका प्रचलित प्रकारात २४ ओळी आणि ८० स्तंभ, म्हणजे १९२० अक्षरे मावत. अनेक जुने प्रोग्राम हिशेबही करत आणि हा पडदाही रंगवत. अशा प्रोग्राममधून हिशेबाचा भाग आधी वेगळा काढावा लागतो. ज्यांनी सुरुवातीपासून ही दोन कामे वेगळी ठेवली, त्यांचा हिशेबाचा प्रोग्राम स्मृतीतील एका ठरावीक जागेत मागणी घेतो आणि त्याच जागेत उत्तर ठेवून परततो. या जागेला ‘कॉमएरिया’ म्हणतात. ती भरणारा पडदा होता की आणखी कोणी, हे तो विचारत नाही.

२००५ मध्ये आलेल्या सीआयसीएस ट्रान्झॅक्शन सर्व्हरच्या ३.१ या आवृत्तीपासून वेब सेवांची सोय सर्व्हरच्या अंगभूत भागात आली. तेथील मांडणी मुख्यतः चार प्रकारच्या व्याख्यांवर, म्हणजे सर्व्हरमध्ये नावानिशी नोंदवलेल्या सूचनांवर, उभी आहे. त्यांची नावे टीसीपीआयपीसर्व्हिस, यूआरआयमॅप, पाइपलाइन आणि वेबसर्व्हिस अशी आहेत. पहिली व्याख्या दार उघडते. कोणत्या पोर्टवर, म्हणजे जोडणीसाठी ठरलेल्या कोणत्या क्रमांकावर, कान द्यायचा, जोडणी कूटबद्ध करायची की नाही आणि एका मागणीत जास्तीत जास्त किती मजकूर स्वीकारायचा, हे ती ठरवते. त्या पोर्टवर सीएसओएल हे सर्व्हरचे स्वतःचे टास्क (चालू असलेले काम) सतत बसलेले असते. मागणी आली की ते मूळ रीतीप्रमाणे सीडब्ल्यूएक्सएन नावाचे दुसरे टास्क सुरू करते, आणि ते मागणीतील पत्ता वाचून यूआरआयमॅपशी ताडून पाहते. यूआरआयमॅप हे एक प्रकारचे पत्त्यांचे कोष्टक आहे. अमुक मार्गावर आलेली मागणी कोणत्या पाइपलाइनमधून, कोणत्या वेबसर्व्हिसकडे (म्हणजे सेवेचा प्रोग्राम व त्याची जुळणी सांगणाऱ्या व्याख्येकडे) आणि कोणत्या ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सीआयसीएसमधील कामाच्या प्रकाराच्या, नावाखाली जाईल, ते त्यात लिहिलेले असते.

पाइपलाइन म्हणजे एकामागोमाग एक बसवलेल्या हस्तकांची साखळी. त्यातील एखादा हस्तक सोप या वेब सेवांच्या संदेश-पद्धतीचे वेष्टन उलगडतो, एखादा सुरक्षेच्या खुणा तपासतो, आणि शेवटचा आतला मजकूर प्रोग्रामच्या हाती पडेल अशा रूपात आणतो. ही साखळी एक्सएमएल भाषेतील एका फाइलमध्ये वर्णन केलेली असते. सुरुवात करणाऱ्यांसाठी आयबीएम नमुन्याच्या फाइली देते आणि साध्या सेवेला त्या तशाच पुरतात. पाइपलाइनच्या व्याख्येत आणखी दोन डिरेक्टरींचे पत्ते द्यावे लागतात. एकीत आपण जुळणीच्या फाइली (त्यांच्याविषयी पुढे येईलच) ठेवतो आणि दुसरीत सर्व्हर स्वतःच्या कामाच्या प्रती ठेवतो. पहिल्या डिरेक्टरीत फाइल ठेवून पाइपलाइन तपासायला सांगितले, की वेबसर्व्हिस आणि यूआरआयमॅप या दोन्ही व्याख्या सर्व्हर आपोआप तयार करतो.

येथे नवख्याचा हमखास पाय घसरतो. या सर्व फाइली मेनफ्रेमच्या युनिक्स विभागात राहतात, आणि तेथे लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. ज्या टर्मिनलवर बसून सीईडीए या आज्ञेने व्याख्या लिहिल्या जातात, ते टर्मिनल मात्र जुन्या सवयीने टंकलेले सगळे मोठ्या अक्षरांत बदलत असू शकते. डोळ्यांदेखत बरोबर लिहिलेला मार्ग साठवताना बदलतो, मग फाइल सापडत नाही आणि पाइपलाइन सुरू होण्यास नकार देते. म्हणून व्याख्या लिहिण्याआधी सीईओटी या आज्ञेने टर्मिनलची ही सवय बंद करावी लागते. दुसरी अडचण परवानग्यांची. ज्या ओळखीखाली सीआयसीएसचे रिजन, म्हणजे सर्व्हरची चालू प्रत, चालते, तिला पहिल्या डिरेक्टरीत वाचण्याची आणि दुसरीत लिहिण्याचीही मुभा हवी. डीएफएचपीआय या अक्षरांनी सुरू होणारे संदेश लॉगमध्ये शोधले, तर यातील बहुतेक तक्रारी तेथेच उघड होतात.

आता खऱ्या गाभ्याकडे वळू. वर जिला जुळणीची फाइल म्हटले, तिचे नाव डब्ल्यूएसबाइंड. बाहेरून येणारा मजकूर सामान्यतः यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, असतो, ज्यात इंग्रजी अक्षरे आणि अंक आस्की संकेतानुसारच लिहिले जातात. मेनफ्रेमचा परंपरागत संकेत मात्र एबसिडिक आहे. इंग्रजी मोठ्या ‘ए’ला आस्कीमध्ये ६५ हा क्रमांक आहे, एबसिडिकमध्ये १९३. रिकाम्या जागेचा क्रमांक एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ६४. गंमत अशी, की आस्कीमध्ये ६४ म्हणजे ई-मेलच्या पत्त्यातील ‘ॲट’चे चिन्ह, त्यामुळे एबसिडिक मजकूर रूपांतर न करता बाहेर पाठवला, तर नावापुढच्या मोकळ्या जागा ‘ॲट’च्या रांगेसारख्या दिसतात. क्रमवारीही पालटते. आस्कीत अंक अक्षरांच्या आधी येतात, एबसिडिकमध्ये नंतर.

एवढेच असते, तर प्रत्येक बाइट एका कोष्टकातून बदलून काम भागले असते. परंतु कोबोलच्या नोंदीत अक्षरांबरोबर ‘पॅक्ड डेसिमल’ जातीच्या संख्याही असतात. त्यात एका बाइटमध्ये दोन अंक बसवतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह ठेवतात. १२३४५ ही धन संख्या तीन बाइटांत मावते. पहिल्यात १ व २, दुसऱ्यात ३ व ४, तिसऱ्यात ५ आणि धन चिन्हाचा संकेत. या तीन बाइटांना अक्षरे समजून आंधळेपणाने रूपांतर केले, तर रक्कम नासते. म्हणजे कोणते बाइट अक्षर आहेत आणि कोणते संख्या, हे आधी ठाऊक असल्याशिवाय भाषांतर होऊच शकत नाही. ते ज्ञान कोबोलच्या कॉपीबुकमध्ये, म्हणजे नोंदीतील क्षेत्रांची क्रमवार रचना सांगणाऱ्या मजकुरात, असते, आणि डब्ल्यूएसबाइंड फाइल म्हणजे त्या ज्ञानाचा सर्व्हरला समजेल असा उतारा.

हा उतारा काढणारी उपयोजने बॅच जॉब म्हणून, म्हणजे कोणी समोर न बसता एका दमात, चालतात. डीएफएचएलएस२डब्ल्यूएस हे कॉपीबुकपासून सुरुवात करते आणि सेवेचे जाहीर वर्णन व जुळणीची फाइल दोन्ही तयार करते. डीएफएचडब्ल्यूएस२एलएस हे दुसऱ्या कोणी ठरवलेल्या वर्णनापासून निघून कॉपीबुक घडवते. जेसन या सुटसुटीत मजकूर-पद्धतीतील संदेशांसाठी याच धर्तीची जोडी आहे. पहिला मार्ग सोपा असला तरी त्यातून निघणारी सेवा कोबोलच्या घडणीची छाप अंगावर वागवते. कॉपीबुकमध्ये ५० ओळींची सारणी असेल आणि प्रत्यक्षात तीनच भरलेल्या असतील, तरी विशेष काळजी न घेतल्यास उरलेल्या ४७ रिकाम्या ओळीही संदेशात जातात. दुसऱ्या मार्गाने बाहेरच्या वापरणाऱ्याला सुटसुटीत सेवा मिळते, पण मग नवे कॉपीबुक आणि जुना प्रोग्राम यांच्यामध्ये एक छोटा दुवा-प्रोग्राम लिहावा लागतो. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे, कारण एकदा जाहीर झालेले वर्णन मागे घेणे प्रोग्राम बदलण्यापेक्षाही अवघड जाते.

मार्ग कोणताही असो, एक धोका कायम राहतो. कोणी कॉपीबुकमध्ये मधेच दोन बाइटांचे नवे क्षेत्र घातले, प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला आणि जुळणीची फाइल नव्याने काढायला विसरला, तर पुढचे प्रत्येक क्षेत्र दोन बाइटांनी सरकते. पुढे पॅक्ड डेसिमल संख्या असेल तर चूक निदान आरडाओरडा करते, कारण तेथे भलतेच बाइट सापडतात. पुढे सगळी अक्षरेच असतील, तर काहीच बोभाटा होत नाही आणि शहराच्या रकान्यात आडनावाची शेपटी दिसू लागते.

देवनागरी मजकुराचा प्रश्न याहून वेगळा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू (अक्षराला किंवा काना-मात्रेला दिलेला स्वतंत्र क्रमांक) तीन बाइट घेतो. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्या धरून असे पाच बिंदू आहेत, म्हणून तो १५ बाइटांचा होतो. मेनफ्रेमवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ०३७ क्रमांकाच्या एबसिडिक संकेतात देवनागरीला जागाच नाही. तेथे प्रत्येक अक्षराऐवजी एक बदली चिन्ह बसते, आणि तसे डेटाबेसमध्ये लिहिले गेले की मूळ नाव परत मिळत नाही. यूटीएफ-१६ मधील क्षेत्रे हाताळण्याची सोय नंतरच्या आवृत्त्यांत आली, पण त्यासाठी प्रोग्राममधील क्षेत्राची जातच बदलावी लागते. इतका वेळ जपलेल्या अज्ञानाला येथे पहिला तडा जातो.

कॉमएरियाची ३२ किलोबाइटांची मर्यादा हा विषय थोडक्यात संपतो. त्याच ३.१ आवृत्तीत आलेल्या ‘चॅनेल आणि कंटेनर’ या, नावे दिलेल्या डब्यांतून मजकूर देण्याच्या पद्धतीत ती उरलेली नाही, आणि नव्या प्रोग्रामने तीच वापरावी.

वर्दळीकडे मात्र लक्ष द्यायला हवे. टर्मिनलवरचा माणूस टंकतो, वाचतो, विचार करतो. त्यामुळे त्याच्या दोन मागण्यांमध्ये आपोआप काही सेकंद जातात. बाहेरचा संगणक असा दम खात नाही. सर्व्हरमध्ये एका वेळी किती टास्क चालू शकतात याला कमाल मर्यादा असते, आणि वेबवरून आलेल्या लोंढ्याने ती गाठली तर टर्मिनलवरची कामेही खोळंबतात. वेगळे काही सांगितले नाही, तर पाइपलाइनमधून आलेल्या सोप सेवा सीपीआयएच या एकाच ट्रान्झॅक्शनच्या नावाखाली चालतात. यूआरआयमॅपमध्ये प्रत्येक सेवेला स्वतःचे चार अक्षरी नाव देणे शहाणपणाचे असते. मग प्रत्येकीला वेगळी मर्यादा आणि वेगळा अग्रक्रम लावता येतो, वापराच्या नोंदी वेगवेगळ्या निघतात, आणि आरएसीएफसारख्या सुरक्षाप्रणालीत कोणाला काय करू द्यायचे तेही स्वतंत्रपणे ठरवता येते. मागणी कोणाच्या ओळखीखाली चालणार हे ठरवले नाही, तर ती सर्वसाधारण वापरकर्त्याच्या नावावर चालते. चाचणीत हे सोयीचे वाटते, म्हणूनच ते तसेच पुढे राहून जाते.

शेवटी अशी एक गोष्ट उरते, जी कोणत्याही व्याख्येने सुटत नाही. प्रोग्रामने खात्यातून रक्कम वजा केली, सीआयसीएसने तो व्यवहार कायम केला, आणि उत्तर परत जाताना जोडणी तुटली. टर्मिनलसमोरचा माणूस अशा वेळी थबकत असे आणि खाते उघडून पाहत असे. एचटीटीपीवरून बोलणारा संगणक काही क्षण वाट पाहून तीच मागणी पुन्हा पाठवतो. प्रोग्रामच्या दृष्टीने ती नवी मागणी असते, म्हणून तो रक्कम दुसऱ्यांदा वजा करतो. यावर उपाय एकच. पाठवणाऱ्याने प्रत्येक मागणीला न बदलणारा क्रमांक द्यायचा, आणि प्रोग्रामने वजावट करताना त्याच व्यवहारात तो क्रमांकही नोंदवायचा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र घडतील किंवा एकत्र रद्द होतील. क्रमांक आधीच नोंदलेला आढळला, तर वजावट न करता पूर्वीचे उत्तर पुन्हा पाठवायचे. त्यासाठी उत्तरही साठवून ठेवावे लागते, आणि ते किती काळ ठेवायचे हे सर्व्हर सांभाळणाऱ्याने एकट्याने ठरवून चालत नाही. पाठवणारी बाजू किती उशिरापर्यंत पुन्हा प्रयत्न करते, हे तिच्याकडून लेखी घ्यावे लागते.