तीन जुने संगणक आणि सांगली–मिरज वाट

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत टेबलाखाली तीन जुने डेस्कटॉप आहेत. एक गावभागातल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, दुसरा एका वकिलांच्या ऑफिसातला आणि तिसरा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीतला. हा तिसरा उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पिवळी धूळ बसलेली होती. तिघांची नावं ठेवली सांगली, मिरज आणि कुपवाड. आता ते तिघं राउटर आहेत.

राउटर हाही एक संगणकच. आलेल्या पॅकेटवरचा (म्हणजे डेटाच्या छोट्या पुडक्यावरचा) पत्ता वाचायचा, आपल्याजवळच्या तक्त्यात बघायचं आणि योग्य पोर्टमधून ते पुढे धाडायचं, हे त्याचं मुख्य काम. १९८६ साली अमेरिकेत एनएसएफनेट हे संशोधनासाठीचं संगणक-जाळं सुरू झालं, तेव्हा त्याचे राउटर म्हणजे पीडीपी-११ मालिकेतले मिनीकॉम्प्युटरच होते आणि त्यांना जोडणाऱ्या लाइनी सेकंदाला ५६ किलोबिटच्या. अडगळीतलं कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं मशीन त्यांच्या कितीतरी पुढचं आहे.

मदरबोर्डवर एक लॅन पोर्ट असतं. प्रत्येक मशीनमध्ये आणखी दोन लॅन कार्डं बसवली आणि तिघांना वायरींनी एकमेकांशी जोडलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. लिनक्स आपण होऊन दुसऱ्याची पॅकेटं पुढे पाठवत नाही, त्यासाठी 'आयपी फॉरवर्ड' ही सेटिंग ० ची १ करावी लागते. त्या एका आकड्याने संगणकाचा राउटर होतो. वर एफआरआर हे राउटिंगचं मोफत सॉफ्टवेअर घातलं, कारण मला ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपापसांत बोलून वाटा ठरवायची पद्धत, बघायचं होतं.

ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपल्याला जोडलेल्या वाटा बाकीच्यांना कळवतो. त्यातून प्रत्येकाकडे सगळ्या जाळ्याचा नकाशा तयार होतो आणि त्यावर तो सर्वांत स्वस्त वाट काढतो. स्वस्त वाट काढायची ही रीत संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांना १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये कॉफी पिता पिता सुचली, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत.

सांगलीला एक लॅपटॉप जोडला, मिरजेला दुसरा आणि पिंग सुरू केलं, म्हणजे एकाकडून दुसऱ्याला सतत छोटी पॅकेटं पाठवून उत्तर येतं का ते बघायला लागलो. उत्तरात टीटीएल हा पॅकेटवरचा आकडा ६२ दिसत होता. निघताना तो ६४ असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो. म्हणजे दोनच राउटर, वाट सरळ. सांगली–मिरज वायर उपटली. एखादं पिंग हुकलं आणि टीटीएल ६१ झाला. पॅकेटं कुपवाडवरून जाऊ लागली होती! पुरात एक रस्ता बंद झाला की सांगलीकर दुसरा धरतो, तसंच. माझी बारावीतली भाची म्हणाली, "मामा, परत काढ ना वायर." पाच वेळा काढली.

मग सांगली आणि मिरज यांच्या मधे दोन नेटवर्क स्विच (वायरी एकमेकींना जोडणारे डबे) ठेवले आणि त्या दोघांमधली वायर काढली. आता पिंग थांबलं ते थांबलंच. दोन्ही राउटरांचं पोर्ट आपापल्या स्विचला जोडलेलं, दिवा हिरवा, त्यामुळे पलीकडे काही तुटलंय हे त्यांना कळायला मार्गच नाही. ते दर १० सेकंदांनी एकमेकांना 'हॅलो' पाठवतात. ४० सेकंद हॅलो आला नाही तरच शेजारी गेला असं मानतात. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. पस्तिसाव्या सेकंदाच्या आसपास ६१ उमटला, कारण ४० सेकंद मोजले जातात ते शेवटच्या हॅलोपासून, वायर काढल्यापासून नव्हे. पुस्तकात ही ४० सेकंदांची ओळ मी अनेकदा वाचली होती, पण ती शांतता तेव्हाच कळली.

विजेचं मात्र बघा. असं एक मशीन ६० वॉट खात असेल, तर चोवीस तास चालवून महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. म्हणून घरच्या इंटरनेटसाठी मी ही मशीनं वापरत नाही. शिकायला बसलं की चालू, उठलं की बंद.

भाचीने हॅलो १ सेकंदावर आणि थांबायची मुदत ४ सेकंदांवर आणली, पण फक्त सांगलीत. स्विच जोडलेले होते, वायरी जागच्या जागी होत्या, तरी सांगली आणि मिरज एकमेकांना ओळखेनात. दोघांचे हे आकडे जुळल्याशिवाय ओएसपीएफ शेजार मानत नाही. तिने स्वतःच चूक शोधली, मिरजेतही तेच आकडे टाकले आणि वायर काढली. या वेळी चौथ्या सेकंदाला ६१.