मोबाईलच्या व्यसनाची मोजपट्टी आली कुठून

विदर्भातल्या खेड्यांत मोबाईलच्या नादाची पाहणी करायला निघालेल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे अनेकदा जी प्रश्नावली असते, तिचं मूळ अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड या आडवळणाच्या छोट्या शहरात आहे. तिथे पुढे शिकवणाऱ्या किंबर्ली यंग या प्राध्यापिकेकडे १९९० च्या दशकाच्या मध्याला मैत्रिणीची तक्रार आली. नवरा चाळीस ते साठ तास इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोल्यांत, म्हणजे चॅटरूममध्ये घालवतो, आणि तेव्हा एका तासाला २.९५ डॉलर पडत. १९९६ मध्ये त्यांनी एका ४३ वर्षांच्या गृहिणीची केस प्रसिद्ध केली. संगणकाशी फारसा संबंध नसलेली बाईही इंटरनेटच्या नादात अडकते, हे त्यांनी फार लवकर दाखवलं.

खरा वादाचा निर्णय त्यानंतरचा. हे व्यसन मोजायचं कसं, याला आधीचं सर्वमान्य उदाहरण नव्हतं. म्हणून त्यांनी जुगाराच्या विकाराचे निकष घेतले, त्यावरून आठ प्रश्न बेतले आणि पाच 'हो' आले तर व्यसन, असं ठरवलं. १९९८ मध्ये छापलेल्या अभ्यासात ३९६ जण व्यसनी ठरले. कामाचा किंवा अभ्यासाचा वेळ सोडून ते आठवड्याला सरासरी ३८.५ तास ऑनलाइन असत, तर बाकीच्या शंभर जणांची सरासरी पाच तासही नव्हती. हे लोक मिळवले होते जाहिराती देऊन, म्हणजे स्वतःहून पुढे आलेले. टीका झाली ती यावरच, आणि माझ्या मते ती रास्त होती. तरी पुढे वीस प्रश्नांची चाचणी आली आणि ती जगभर भाषांतरित झाली.

त्या आठांतला एक प्रश्न बघा: नेटवर किती गुंतला आहात हे लपवण्यासाठी घरच्यांशी खोटं बोललात का? आपल्याकडे बारावीतल्या मुलीला फोन हाती धरायची मनाई असते. ती भावाच्या मोबाईलवर दहा मिनिटं मैत्रिणीशी बोलते आणि आईला सांगते, गणिताचा व्हिडिओ बघत होते. तिचं उत्तर 'हो' येणार. त्यातून घरातला धाक मोजला जातो, व्यसन नाही. 'नेट बंद केल्यावर चिडचिड होते का' याचंही तसंच. बाप फोन खिशात घालून वेचणीच्या बाया आणायला गेला की घरातली तिन्ही पोट्टी संध्याकाळपर्यंत वाट बघतात. त्या चिडचिडीचं कारण फोन मिळायचा नंबर न लागणं हे आहे.

सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ज्या फोनला आपण हात लावू देत नव्हतो, तोच शाळा झाला. मेळघाटात रेंजसाठी टेकडी गाठावी लागे. शाळा उघडल्यावर तोच फोन काढून घ्यायची घाई झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुसद तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. ठरावामागची काळजी खरी होती, पण पोरांना संध्याकाळी दुसरं काय करायला द्यायचं, हा प्रश्न बंदीने सुटत नाही.

मधल्या काळात विद्वानांनीही हात आखडता घेतला. २०१३ च्या अमेरिकी मनोविकार नियमावलीत फक्त ऑनलाइन गेमचा उल्लेख आला, तोही 'आणखी अभ्यास हवा' या शेऱ्यासह. २०१९ मध्ये जागतिक आजार-यादीने गेमिंगचा विकार मान्य केला आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली. अख्ख्या इंटरनेटचं व्यसन दोन्हीकडे स्वतंत्र विकार ठरलं नाही. त्या प्राध्यापिका २०१९ मध्येच वारल्या.

जुगारावरून घेतलेले ते प्रश्न आपल्याकडे नेमके लागू पडतात ते पैशाच्या रमीला. कापसाचा चुकारा खात्यावर आला की रात्रीतून उडवणारी तरुण पोरं, हरलेलं भरून काढायला पुन्हा लावलेला डाव, बायकोपासून लपवलेलं कर्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पाहणी करणाऱ्यांनी आता शाळकरी पोरांइतकंच या पंचविशीतल्या पोरांच्या दारातही जायला हवं, आणि फोन कोणाचा, रिचार्ज कोण मारतं, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.