जळकं ऑइल गाळलं की डिझेल होतं?

‘गाडीचं जळकं ऑइल सुती फडक्यातून दोन-तीनदा गाळा, डिझेलमध्ये मिसळा, पैसे वाचवा’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. गाळल्यावर तळाचा चिखल खरंच मागे राहतो, म्हणून तो पटतोही.

पण ऑइल काळं होतं ते काजळीमुळे. तिचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. फडक्याच्या विणीतली भोकं त्यांच्या कैक पट मोठी. शिवाय झीज कमी व्हावी, इंजिन आतून स्वच्छ राहावं म्हणून कंपनीनेच ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस, कॅल्शियमची संयुगं घातलेली असतात. ती विरघळलेली, त्यामुळे कुठल्याच गाळणीत अडकत नाहीत. जळल्यावर त्यांची राख होते आणि इंजिनात साचते. ऑइल डिझेलपेक्षा बरंच दाट, त्यामुळे इंजेक्टरमधून फवाराही नीट उडत नाही. ‘जुनी इंजिनं काहीही पचवतात’ म्हणतात. काही दिवस पचवतातही.

स्वतः बघायचंय? हातमोजे घालून गाळलेल्या ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाका, रात्रभर ठेवा. सकाळी मधोमध काळा डाग आणि भोवती तेलकट कडं दिसेल. तो डाग म्हणजे फडक्यातून निसटलेली काजळी. विरघळलेलं जस्त मात्र डोळ्यांना दिसणार नाही.

ऑइल बदलल्यावर कॅन गॅरेजवाल्याकडेच द्या. भारतात 2016च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, परवानाधारक कारखान्यात पुन्हा शुद्ध होतं.