गावरान टोमॅटोत डीएनए नसतो?

‘डीएनए फक्त जनुक बदललेल्या भाज्यांत असतो, गावरान टोमॅटोत नसतो’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. डीएनए म्हणजे पेशीतला आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू; पण हा शब्दच प्रयोगशाळेतला वाटतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

पण टोमॅटो वाढतो कसा, ते बघा. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. प्रत्येक वेळी डीएनएची पिळदार शिडी मधोमध चेनसारखी उघडते. तिच्या पायऱ्या ए, टी, जी, सी या चार घटकांच्या; ए समोर टी आणि जी समोर सी एवढीच जोडी जमते, म्हणून प्रत्येक अर्ध्या बाजूवरून हरवलेली बाजू पुन्हा बांधता येते. दोन्ही नव्या शिड्यांत एक बाजू जुनी, एक नवी. ही नक्कल झाल्याशिवाय पेशी दुभंगत नाही. म्हणजे डीएनए नसता तर टोमॅटो लागलाच नसता, गावरान असो वा संकरित.

खात्री घरीच करा. पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग कुस्करा. अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर भांड्यांचा लिक्विड सोप घालून हलकेच ढवळा (फेस नको), मग गाळा. ग्लास तिरका धरून कडेने फ्रीजरमधलं गार सर्जिकल स्पिरिट सोडा. गॅसपासून लांब, बरं का! दोन थरांच्या मध्ये शेंबडासारखे पांढरे धागे वर येतात. त्यात थोडी प्रथिनंही असतात, पण डीएनए तोच.

आणि खाल्लेला डीएनए? स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात त्याचे बारीक तुकडे करतात. रोजच्या वरणभातातल्या डीएनएचंही तेच होतं.