कानकोरणं आणि डॉक्टरांचं कडं

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या ट्रेमध्ये एक अवजार असतं, ते पाहून हसू येतं. हे तर आपलं कानकोरणंच! नाव मात्र भारदस्त, जॉब्सन हॉर्न प्रोब. सडपातळ दांडी, एका टोकाला बारीक कडं, दुसऱ्या टोकाला कापूस गुंडाळायला खाचा. मग घरच्या घरी कोरलं तर काय बिघडलं?

अवजारात फारसा फरक नाहीच. फरक आहे तो कोरणाऱ्याला काय दिसतं, यात.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण 2.5 सेंटीमीटर लांब आणि वळणाची. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. तिथली कातडी जाड, खाली कूर्चा. त्यापुढे मात्र थेट हाडावर अगदी पातळ कातडी असते, जरासा ओरखडा उठला तरी रक्त येतं. म्हणून पार आत, पडद्यापाशी मळ सापडला, तर बऱ्याचदा तो आपणच इअरबडने ढकललेला असतो.

घरी कोरताना सगळा कारभार अंदाजाने चालतो. टोकाला काही लागलं की तो मळच, असं आपण धरून चालतो. डॉक्टर आधी बाहेरचा कान वर आणि मागे ओढून नळीचं वळण सरळ करतात (लहान मुलांचा खाली आणि मागे), स्पेक्युलम नावाचं छोटं नरसाळं बसवतात, कपाळावरचा दिवा किंवा मायक्रोस्कोप आत रोखतात. मग मळ आणि भिंत यांच्यातल्या फटीतून कडं मळामागे नेऊन तो बाहेर ओढतात. खडा कडक असेल तर हूक, सुटा पापुद्रा असेल तर मगरीच्या जबड्यासारखा चिमटा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अवजार धरलेला हात रुग्णाच्या डोक्याला टेकवलेला असतो. डोकं हललं तर हातही त्याच्याबरोबर हलतो, टोक आत घुसत नाही. हे महत्त्वाचं, कारण मेंदूतून घसा-छातीकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक शाखा नळीच्या कातडीत येते आणि तिथे स्पर्श होताच काहींना खोकल्याची उबळ येते. आरशासमोर कानात काडी घालून उभं असताना ती आली तर काय, याची कल्पना केलेली बरी.

पडद्याला चिकटलेला दगडासारखा मळ दिसला तर जाणता डॉक्टर झटापट करत नाही. मळ मऊ करणारे थेंब देतो आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतो. रुग्णाला वाटतं, काम टाळलं! पडद्याला भोक असेल तर पिचकारीने पाणी मारता येत नाही आणि थेंबही विचारूनच घालायचे. तिथे कोरडं अवजारच उपयोगी पडतं.

दडे बसले, कमी ऐकू येऊ लागलं किंवा कान दुखला, तर दाखवावं. एरवी बहुतेक कानांना यातलं काहीच लागत नाही. नळीची कातडी पडद्याकडून बाहेर सरकत असते आणि मळ सोबत आणते. कानकोरण्याला जो हमखास लागतो, तो बहुधा बाहेर पडायच्या वाटेवरच असतो.