मुंबई, बॉम्बे आणि क्यू1156

एका पानावर ‘मुंबई’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘बॉम्बे’, तिसऱ्यावर ‘बम्बई’. शहर एकच, हे आपल्याला कळतं. संगणकाला ते कुणीतरी सांगावं लागतं. कसं सांगायचं, याची खटपट गेली तीस वर्षं चालू आहे.

पहिलं पाऊल टाकण्यात ग्रंथपालांचा मोठा वाटा होता. 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी एक कार्यशाळा भरली. पुस्तकाच्या कार्डावर जशी शीर्षक, लेखक, तारीख अशी नोंद असते, तशी वेबवरच्या दस्तऐवजांची करायची, असं तिथे ठरलं. त्यातून पुढे ठरलेल्या पंधरा रकान्यांना आजही ‘डब्लिन कोअर’च म्हणतात.

त्याच सुमारास आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा ॲपलमध्ये माहितीचं वर्णन करण्याची एक पद्धत घडवत होते. ते नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत गेले, टिम ब्रे यांच्यासोबत तिला एक्सएमएल या खुणांच्या भाषेचं रूप दिलं, आणि त्यातून पुढे आलेल्या ‘आरडीएफ’ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी 1999 मध्ये मान्यता दिली. आरडीएफचं मूळ फार साधं आहे. प्रत्येक विधान तीन तुकड्यांचं: मुंबई, राजधानी, महाराष्ट्र. तुकड्यांना नाव म्हणून वेबपत्ता द्यायचा, म्हणजे घोळ होत नाही. मला ही कल्पना आजही सुंदर वाटते.

पण ती लिहायची पद्धत किचकट होती. 2001 मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी ‘सिमँटिक वेब’चं, म्हणजे यंत्रालाही अर्थ कळेल अशा वेबचं, स्वप्न मांडलं, 2004 मध्ये संज्ञांमधले संबंध सांगणारं ‘आउल’ आणि 2008 मध्ये अशा माहितीत शोध घेण्यासाठीचं ‘स्पार्कल’ ही मानकं आली. विद्यापीठांत कौतुक झालं, पण साधी पानं बनवणारे फिरकले नाहीत. का फिरकावं? कष्ट त्यांचे, आणि पदरात काहीच पडत नव्हतं.

ते गणित 2011 मध्ये बदललं. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहूने मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक शब्दावली आणली. त्यामागेही गुहा होतेच. थालीपिठाच्या पाककृतीत आपण ‘वीस मिनिटं’ लिहितो. त्याच पानाच्या पोटात यंत्रासाठी ‘पीटी20एम’ असं लिहिलं, की शोधनिकालात फोटोशेजारी वेळही झळकू शकते. असा फायदा डोळ्यांना दिसल्यावर लोक आपणहून लिहू लागले. 2014 मध्ये मानक झालेल्या ‘जेसन-एलडी’ या लिहिण्याच्या पद्धतीमुळे लिहिणंही सोपं झालं.

मुंबईचा प्रश्न मात्र 2012 मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड असलेल्या खुल्या माहितीसाठ्याने फार नेटका सोडवला. तिथे या शहराचा क्रमांक आहे क्यू1156. नावं हवी तितकी, प्रत्येक नावापुढे भाषेची खूण, मराठीसाठी ‘एमआर’. पण लहान गावांच्या, ओढ्यांच्या, देवळांच्या कितीतरी नोंदींत मराठीची ओळ अजून रिकामी आहे. ‘संपादन’ दाबून ती कुणालाही भरता येते.