पार्श्वभूमी : डुकरं पाळणारे आणि पट्टकृमी

डुकरं पाळणाऱ्यांना पट्टकृमीबद्दल, म्हणजे टेपवर्म या जंताबद्दल, काय ठाऊक आहे, हे विचारायला कुणी गेलंच तर बोलणं मांस नीट शिजवण्याभोवतीच फिरतं. याला कारण आहे. या कृमीच्या अळ्यांच्या गाठी असलेलं मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो, हे एकोणिसाव्या शतकात युरोपात सिद्ध झालं आणि बंदोबस्त म्हणून मांसतपासणी आली. १९७१ साली सुरू झालेल्या मुंबईतल्या देवनारच्या कत्तलखान्यातही अशी तपासणी होते. भिजल्या साबुदाण्याएवढ्या गाठी कापलेल्या स्नायूत डोळ्यांनी दिसतात. पण गल्लीत कापलेलं डुक्कर तपासणीला येतच नाही.

खरा घोळ झाला तो सीटी स्कॅन आल्यावर. आकडी आलेल्या रुग्णाच्या मेंदूत एकच छोटा, कडेने उजळणारा ठिपका दिसे. आपल्याकडे क्षयरोग घरोघरचा, म्हणून हाही क्षयच असं धरून महिनोन्महिने गोळ्या चालत. काही ठिपके औषधाविना आपोआप नाहीसे झाले, तेव्हा शंका आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेतल्या एका रुग्णालयात असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून तपासले, तर बहुतेकांत पट्टकृमीची अळी! वाद लगेच मिटला नाही. क्षयाची औषधं थांबवायची जोखीम कोण घेणार? मुंबईतही ही पंचाईत होतीच. त्यातून ‘आम्ही अंडंसुद्धा खात नाही’ म्हणणाऱ्या घरांत हे निदान पटवायचं म्हणजे डॉक्टरांची परीक्षाच.

मेंदूतली अळी मांसातून येत नाही, कृमीच्या अंड्यांतून येते. अंडी बाहेर पडतात ती पोटात कृमी असलेल्या माणसाच्या मैल्यातून, आणि न धुतलेले हात, सांडपाण्यावरची भाजी अशा वाटांनी दुसऱ्याच्या तोंडात जातात. उघड्यावरचा मैला खाऊनच डुकरालाही लागण होते. म्हणजे डुक्कर रोग देणारं कमी, घेणारं जास्त. तरी शहरात बोंब होते ती मोकाट डुकरांची. नाल्याकाठच्या वस्तीत संडास किती, त्यांतले चालू किती, हा विषय मागे पडतो. माझ्या मते पाळणाऱ्याला आधी सांगायला हवं ते हे, शिजवण्याचं नंतर.

आता डुकरांसाठी लस आहे, ती भारतातच बनते. अंगात आधीच असलेल्या गाठी मात्र तिने जात नाहीत. त्यासाठी ऑक्सफेंडॅझोल हे जंतांवरचं औषध द्यावं लागतं. पण गाठी असलेलं डुक्कर सहसा आजारी दिसत नाही, वजनही फारसं घटत नाही. मग पाळणाऱ्याने पदरचे पैसे का घालावेत, हे कुणी त्याला धड सांगत नाही.